लगाम कुणाच्या हाती?

आषाढी एकादशीला माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने हट्टाने उपास धरला. दुपारी शेजारून गरम बटाटेवडे आले. ताटलीकडे बघत त्याने विचारलं, "आजी, कुणी बघत नसताना खाल्लं तर उपास मोडतो का?"

"तुला काय वाटतं?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तर बघतोच ना!"

त्याचं उत्तर ऐकून मला कठोपनिषदातलं रूपक आठवलं. त्यात शरीर हा रथ आहे. इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. हे ज्ञान यमाकडून मिळवणारा नचिकेतही कुमारच होता. आज मेंदूशास्त्र सांगतं, की स्वतःला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. म्हणजे घरोघरी सारथी अजून शिकाऊच आहेत. लगाम आपणच खेचत राहिलो तर घोडे थांबतील, पण सारथी कसा तयार होणार? धाकाने केलेला उपास माझा झाला असता, त्याचा नाही.

संध्याकाळी पाचला त्याला भूक आवरली नाही. अर्धा वडा खाऊन तो आपणहून सांगायला आला, डोळ्यांत पाणी घेऊन. मी त्याला जवळ घेतलं. त्या सांगण्यातच मला एकादशी पावली.