घराण्यातलं दुखणं

मालवण-देवगडच्या पट्ट्यात कुणी ऐन पन्नाशीत हृदयविकाराने गेला की भेटायला आलेल्यांसमोर घरचं कुणीतरी म्हणतंच, ‘ह्या आमच्या घराण्यातच आसा.’ त्या म्हणण्यात दुःखाबरोबर थोडी सुटकाही असते. वडील तसेच गेले, काका तसेच गेले. मग विडीची, मिशेरीची, पेजेबरोबरच्या खाऱ्या बांगड्याची झडती कोण कशाला घेणार? दुसरीकडे, आरोग्यावर व्याख्यानं देणारे थेट ताटावर बोट ठेवतात आणि गेलेल्या माणसालाच आरोपी करतात. दोन्ही निवाडे मला घाईचे वाटतात.

रक्तवाहिनीची भिंत जाड होते ती मुकाट्याने. मानेतल्या धमनीच्या आतल्या दोन थरांची जाडी सोनोग्राफीवर मोजता येते. १९८६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ही पद्धत मांडली. तरुणपणी ही जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, पुढे वर्षाला साधारण ०.०१ मिलिमीटरने वाढते. तंबाखूचा धूर, चढलेला रक्तदाब आणि साखर यांनी आतलं नाजूक अस्तर दुखावतं. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरून अडकतात. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच बसतात आणि त्यांच्यावर स्नायुपेशींचा थर चढतो. रक्तातलं एलडीएल यकृत किती झपाट्याने उचलणार, हे बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतं. अस्तर किती ओरबाडलं जाणार, यात मात्र धंदा, व्यसन आणि चूल येते.

हे दोन्ही एकमेकांत कसे गुंततात, याचा मला सापडलेला सर्वांत बोलका पुरावा हॉलंडमधला आहे. यकृताची ही उचल अधू करणारा जनुकदोष पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्या एका मोठ्या कुळाची दोन शतकांची मृत्यूनोंद तिथल्या संशोधकांनी तपासली आणि २००१ मध्ये छापली. एकोणिसाव्या शतकात हा दोष असलेले लोक इतरांपेक्षा लवकर मरत नव्हते. १९१५ नंतर त्यांचे मृत्यू वाढत गेले, शतकाच्या मध्याला ते सर्वाधिक झाले आणि मग उतरले. दोष तोच, कूळ तेच. त्याची किंमत मात्र काळ बदलला तशी बदलली.

दुसरा पुरावा आपल्याला जास्त जवळचा. पश्चिम लंडनमध्ये स्थायिक झालेले पंजाबी आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडं यांची तुलना १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. लंडनवाल्यांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल गावच्या भावंडांपेक्षा चढं निघालं. हृदयविकाराचा धोका वाढवणारा लायपोप्रोटीन-ए नावाचा रक्तातला एक घटक मात्र दोघांतही सारखाच, आणि युरोपीय लोकांपेक्षा जास्त. हा घटक बहुतांशी जन्मतःच ठरतो, पथ्याला फारसा बधत नाही. म्हणून आयुष्यभर नेमाने राहिलेल्या माणसाला झटका आला, तर ‘काहीतरी लपवत असणार’ असं म्हणणं अन्यायाचं आहे.

सिंधुदुर्गात अशी भावंडं घरटी आहेत. एक भाऊ गिरणीत गेला, लालबाग-परळात गावाच्या खोलीवर राहिला, खानावळीत जेवला, पाळ्या केल्या. दुसरा गावात राहून घाट्या चढला, शेत नांगरलं, रापण ओढली. पण आज या दोघांच्या मुलांत असा फरक शोधायला गेलं तर तो पुसट झालेला दिसेल. गावातही दारात दुचाकी आली, बोटीला यंत्र आलं आणि वडे-सागोतीला सण लागेनासा झाला. (खोबऱ्याचा वाद इथे मुद्दाम काढत नाही, तो काढला की बाकी सगळं राहून जातं.) ताजी तारली आणि मिठात मुरवून सुकवलेला बांगडा यांना एकाच ‘मासे चांगले’ या शेऱ्यात बसवू नये, एवढं मात्र म्हणेन. खाऱ्या माशातलं मीठ रक्तदाबात मोजलं जातं.

घराण्याला दोष देण्याआधी घरातल्या सुनेकडे पाहावं. तिच्यात त्या घराण्याचं रक्त नाही. मीठ, तेल आणि चुलीचा धूर मात्र तिच्या वाट्याला इतरांइतकाच, किंबहुना जास्त. तिचाही रक्तदाब चढा निघाला, तर आधी स्वयंपाकघराची चौकशी व्हायला हवी. उलट, सुनेचं सगळं ठीक आणि तिच्या नवऱ्याचं, दिराचं, नणंदेचं एलडीएल तरुणपणीच १९० च्या वर असेल, तर संशय जनुकावर जातो. हॉलंडच्या त्या कुळातला दोष आई किंवा बापाकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. नुसतं तेल कमी करून तिथे भागत नाही, गोळी लागते. आणि ती दुखणं दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. त्यासाठी एकट्या रोग्याची नव्हे, सगळ्या भावंडांची आणि त्यांच्या मुलांची तपासणी हवी. चाकरमानी, गाववाले, माहेरवाशिणी गणपतीला एका छपराखाली येतात, तेव्हा रक्ताचे नमुने घेणं सर्वांत सोपं. पाचव्या दिवशी विसर्जन झालं की निम्मं घराणं गाडीत बसून मुंबईला निघालेलं असतं.