पाया आणि रोखा

वाचन : १ करिंथ ३:१०-१५, रोम १३:८



पौलाने करिंथ येथील मंडळीला हे पत्र इ. स. ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिले. पाया, बांधकाम, सोने, रुपे, लाकूड, गवत, पेंढा आणि शेवटी अग्नी, असा हा दाखला आहे. आपण तो पुष्कळदा ऐकतो. पण ज्यांनी तो प्रथम ऐकला ते कोठे राहत होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. इ. स. पूर्वी १४६ मध्ये रोमी सेनापती मुम्मियस याने जुने करिंथ जाळून टाकले. सुमारे शंभर वर्षे ते नगर जवळजवळ ओसाड पडले होते. इ. स. पूर्वी ४४ मध्ये यूलियस कैसराने तेथे पुन्हा वसाहत बसविली. म्हणजे पौलाचे श्रोते जळालेल्या नगरावर घरे बांधून राहत होते. आगीत काय टिकते आणि काय जाते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते.

रोमी काळ म्हटला की आपल्याला तो फार दूरचा वाटतो. कोल्हापूरकडील वाचकांना तरी तसे वाटू नये. तेथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. याच टेकाडातील सातवाहन काळच्या वस्तीत रोमी घडणीच्या ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यांत पोसायडन या समुद्रदेवाची एक लहानशी मूर्ती आहे. ती टाऊन हॉलमधील संग्रहालयात ठेवली आहे. याच देवाचे मोठे देऊळ करिंथजवळ होते आणि त्याच्या नावाने तेथे खेळ होत. धावण्याच्या शर्यतीचा दाखला पौल नवव्या अध्यायात देतो, तो देताना हेच खेळ त्याच्या डोळ्यांपुढे असावेत. व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर हा देव पंचगंगेपर्यंत आला. रेव्ह. वाइल्डर मात्र कोल्हापुरास पोहोचले ते १८५२ साली! व्यापार किती लवकर पोहोचतो आणि सुवार्तेला किती उशीर होतो, हे आम्हा बंदरावरच्या माणसांना विशेष जाणवते.

काही वर्षांपूर्वी लंडनला आप्तांकडे जाण्याचा योग आला असता आम्ही एक जागा मुद्दाम पाहिली. शहराच्या व्यापारी भागात ब्लूमबर्ग कंपनीची मोठी इमारत आहे. तिच्या खाली, रस्त्यापासून सुमारे ७ मीटर खोल, रोमी काळातील एका देवळाचा पाया जतन केला आहे. पायऱ्या उतरत जावे तसतसा वरच्या मोटारींचा आवाज कमी होतो, आणि अंधुक उजेडात दगडी भिंतींचे बुंधे दिसू लागतात. देऊळ मित्र नावाच्या देवाचे, इ. स. २४० च्या सुमाराचे. त्याच्या पूजेशी आपल्याला कर्तव्य नाही. पण त्या पायाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१९५४ साली नव्या इमारतीसाठी खोदकाम चालू असता हा पाया सापडला. तो पाहण्यास हजारो लोकांच्या रांगा लागल्या. इमारत तर व्हायलाच हवी होती. तेव्हा दगड उचलून ठेवले, आणि १९६२ साली सुमारे १०० मीटरवर, मोटारी ठेवण्याच्या जागेच्या छतावर, ते नव्या सिमेंटात पुन्हा मांडले. नाव तेच, दगडही पुष्कळसे तेच. पण पाया आता जमिनीत नव्हता, छतावर होता. लोक पन्नासएक वर्षे तोच पाहत राहिले. अखेरीस तो तेथून काढून मूळ जागेच्या अगदी जवळ व मूळच्या खोलीवर नेला, आणि २०१७ साली लोकांना खुला केला.

ख्रिस्त हाच घातलेला पाया आहे, दुसरा कोणालाही घालता येत नाही, असे पौल म्हणतो. दुसरा पाया घालण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करीत नाही. आपण तोच पाया उचलून आपल्या सोयीच्या जागी नेतो. मुरगावला आलेला मराठी ख्रिस्ती माणूस बहुधा नोकरीसाठी आलेला. कोणाचे आजोबा नगरचे, अमेरिकन मराठी मिशनचे, कोणाचे कोल्हापूरचे, प्रेस्बिटेरियन, कोणी एस. पी. जी.चे, कोणी बेळगावचे मेथडिस्ट. ही नावे कृतज्ञतेने घ्यावीत अशीच आहेत. परंतु पंचकमिटीच्या निवडणुकीत तीच नावे ऐकू येऊ लागली, म्हणजे करिंथकरांचा पौल, अपुल्लोस आणि केफा आपल्या दारात आले असे समजावे.

आगीची साक्ष आम्हाला घराजवळच आहे. आमच्याच तालुक्यात सांकवाळ येथे आरोग्यमातेच्या नावाचे जुने कॅथलिक चर्च होते. १८३४ साली ते आगीत गेले. आज फक्त त्याची दर्शनी भिंत उभी आहे. समोरून पाहिले तर चर्च शाबूत आहे असे वाटावे, इतकी ती देखणी आहे. दारातून आत जावे तर वर आकाश. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पंधरावे वचन तेथे उभे राहून वाचावे. काम जळाले तरी काम करणारा तारला जाईल, पण अग्नीतून बाहेर पडल्यासारखा, असे तेथे म्हटले आहे. बक्षीस समारंभासाठी पाठ करून घेतलेली वचने आणि मुलाच्या मनात रुजलेले एक वचन यांतला फरक त्या दिवशी दिसेल.

लंडनच्या त्याच जागी ओल्या चिखलातून शेकडो लाकडी पाट्या निघाल्या. मेण लावून त्यांवर टोकदार लेखणीने लिहीत; मेण गेले, लाकडावर ओरखडे राहिले. लाकूड टिकले ते ओलीमुळे. एका पाटीवर ८ जानेवारी ५७ ही तारीख आहे. तिबुल्लुस नावाचा मुक्त झालेला दास ग्रातुस नावाच्या दुसऱ्या मुक्त दासाला लिहून देतो की, घेतलेल्या मालाचे १०५ दिनार मी तुझे देणे लागतो. दोघेही गेले, ते नगरही गेले, देणे मात्र अजून वाचता येते. पुष्कळ विद्वानांच्या मते जवळपास त्याच हिवाळ्यात पौल करिंथमध्ये बसून रोमकरांस पत्र सांगत होता. त्याच्या तेराव्या अध्यायात तो म्हणतो की, एकमेकांवर प्रीती करण्यावाचून कोणाचे काही देणे ठेवू नका.

आमच्या माहितीतील एका मंडळीत दोन घराणी एका जुन्या हिशेबावरून वीस वर्षे प्रभुभोजनाच्या मेजाशी एकत्र येत नाहीत. ज्यांचा तो हिशेब, ते दोघेही आता प्रभूच्या घरी आहेत. नातवंडे शब्बाथशाळेत एका बाकावर बसत नाहीत, आणि का बसत नाहीत हे त्यांना ठाऊक नाही. गेल्या नाताळात तेथील बाईंनी कोणालाही न विचारता दोन्ही घरची मुले एकाच नाटिकेत घेतली. दोघे मेंढपाळ झाले. दोन्ही घरची वडील माणसे पाहायला आली. वेगवेगळ्या बाजूंस बसली, पण आली. हिशेबाचा कागद अजून एका पेटीत आहे. पुढल्या प्रभुभोजनाचा रविवार ठरला आहे, आणि त्यापूर्वी पाळकसाहेब दोन्ही घरी जाणार आहेत.