बांगडीवाल्याचा फोन

दोन दिवसांची सुटी मिळाली की शहरातला माणूस हल्ली खाण्यासाठी बाहेर पडतो. पूर्वी देवदर्शन, दर्गा, किल्ला किंवा एखादे लग्न असे निमित्त लागे आणि वाटेत पोट भरले जाई. आता पोट हेच निमित्त झाले आहे. त्यात वाईट काही नाही, आणि असले तरी बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही, कारण आम्ही त्यातलेच.

२०२५ ची चैत्री पौर्णिमा शनिवारी आली होती. ईद होऊन बारा दिवस झाले होते. आम्ही घरची पाच माणसे कोंढव्यातून पहाटेच निघालो. शनिवारी आंबेगाव तालुक्यातल्या एका गावची जत्रा पाहायची, रात्री जुन्नरला मुक्काम करायचा, रविवारी तिथला आठवडे बाजार फिरायचा आणि मध्ये जिथे मिळेल तिथे मासवडी खायची, असा बेत होता. अम्मींनी मात्र पाच माणसांना पुरेल असा डबा बांधून घेतला होता. "बाहर के खाने का क्या भरोसा?" हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यांच्या समाधानासाठी डबा गाडीत ठेवला.

ज्यांनी मासवडी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हा पदार्थ पाहुण्यासाठी होतो. बेसन पिठल्यासारखे घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे आणि फडक्याच्याच मदतीने वळकटी करून तिला माशाचा आकार द्यायचा. मग वड्या कापायच्या आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर, बाजरीच्या भाकरीशी खायच्या. नाव माशाचे, आकार माशाचा, आणि आत मासा औषधालाही नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूसही ती आवडीने खातो. नावाला बिचकून कुणी ताटावरून उठल्याचे ऐकिवात नाही.

मंचरच्या पुढे एका साध्या खानावळीत आम्ही थांबलो. चुलीजवळ एक वयस्क बाई होत्या. आमच्यातल्या बायकांच्या डोक्यावरचे दुपट्टे त्यांनी पाहिले आणि आम्ही काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "मटण हाय, पण ते तुमच्यातलं न्हाई बरं का. मासवडी घ्या. तिचा रस्सा वेगळा केलाय, भांडंबी वेगळं हाय." एवढे सांगून त्या भाकरी थापू लागल्या. अम्मी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, मला दोन भाकऱ्या." गाडीतला डबा त्या दिवशी उघडलाच नाही, आणि सारणात तीळ किती घ्यायचे याची चौकशी करायला अम्मी चुलीपाशी जाऊन बसल्या, त्यांना उठवावे लागले.

आम्हाला त्या बाईंच्या बोलण्यातला सहजपणा महत्त्वाचा वाटला. माळकरी आला तर "कांदा-लसूण चालतं का?" असे त्या विचारत असतील, एकादशीचा माणूस आला तर साबुदाण्याची चौकशी करत असतील. त्याच ओळीत त्यांनी आमचे हलाल बसवले होते. आपल्याला काय चालते हे विचारण्यात आपल्यातले काही जण संकोचतात, काही जण उगाच आवाज चढवतात. त्या बाईंनी दोहोंचीही गरज ठेवली नाही.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती आपणच आपल्यापाशी मांडली पाहिजे. हलालचा प्रश्न ताटातल्या वस्तूपुरता राहत नाही, सुरी कुणी फिरवली हेही त्यात येते. म्हणजे आपणही हात विचारतो. उद्या दुसऱ्या कुणी "हे कुणाच्या हातचे आहे?" असे विचारले, तर कोणत्या तोंडाने तक्रार करायची? जुन्या बलुतेदारीत हा पेच वेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. गावचा मुलाणी हा बलुतेदार होता आणि मराठ्यांच्या घरच्या कार्याचे, जत्रेचे बोकडही तोच हलाल करून देई. यजमान हिंदू, खाणारे हिंदू, सुरी मुलाण्याची. आणि त्याला त्यातला ठरलेला वाटा मिळे. २०२५ च्या मार्चमध्ये हिंदू खाटकांच्या मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली, तेव्हा अनेक गावांतल्या म्हाताऱ्यांना हेच आठवले असेल. ज्याला झटक्याचे खायचे आहे त्याने ते खावे, तो त्याचा हक्क. आमचा हक्क तो आमचा. इथवर भांडण नाही.

भांडण पुढे सुरू होते, आणि ते आम्हाला संध्याकाळी जत्रेत भेटले.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केल्यापासून या भागातले बैलगाड्यांचे घाट पुन्हा गजबजले आहेत, आणि गाड्यांमागे दुकानेही आली आहेत. गोडीशेव, रेवड्या, भेळभत्ता, जिलेबी, पाळणे, पिपाण्या. धूळ इतकी की जिलेबीवरही तिचा थर. आपल्या आडनावांचा अर्थ कुणाला शिकवायचा असेल तर त्याला जत्रेत न्यावे. अत्तार, मणियार, बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार : हे सगळे मुळात बाजारात मांडलेले धंदे आहेत. आपण मराठी झालो ते ग्रंथ वाचून झालो नाही. बांगडी भरताना, पान लावताना, गादी पिंजताना गिऱ्हाइकाशी जी भाषा बोलावी लागली, तीच आपली झाली.

एका बांगडीवाल्याच्या पालापाशी आम्ही थांबलो. पन्नाशीचा माणूस, लोखंडी कांबीवर रंगीत चुड्यांची रास. दुकानावर नाव नव्हते. सलाम झाला, गाव विचारून झाले. धंदा कसा काय, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "धंदा बरा आहे. पंधरा वर्षं येतोय इथं. गावातल्या निम्म्या सुनांची मापं तोंडपाठ आहेत. पण या वर्षी यायच्या आधी फोन केला. येऊ का, म्हणून विचारलं."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणणार? शिव्या घातल्या. 'अरे, तुला निमंत्रणपत्रिका छापायची का? ये गुमान,' म्हणाले. चांगली माणसं आहेत." तो हसला. मग एका मुलीच्या हातात बांगडी चढवता चढवता खाली बघत म्हणाला, "पण चौदा वर्षं विचारलं नव्हतं ना."

त्याने फोन का केला हे त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. दोघांनाही ठाऊक होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात, मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला होता. गटविकास अधिकाऱ्यांनी तो पुढे रद्द केला. ज्या कानिफनाथांना आपले लोक शहा रमजान माहीसवार म्हणत आले, त्यांच्याच दारची ही गोष्ट. ठराव कागदावरून गेला, पण त्याची धग घाट ओलांडून आंबेगावातल्या एका बांगडीवाल्यापर्यंत पोचली होती. इथल्या गावाने काहीही वाईट केले नव्हते. उलट शिवी देऊन माणुसकी दाखवली होती. तरी काहीतरी बदललेच. पंधरा वर्षे जो येत होता, त्याला आता येऊ दिले जात होते.

आम्ही त्याच्याकडून तीन डझन बांगड्या घेतल्या. एवढ्यांची घरात गरज नव्हती. गाडीकडे चालताना आमची धाकटी म्हणाली, "पलीकडच्या दुकानात याच बांगड्या दहा रुपयांनी स्वस्त होत्या. आपण यांच्याकडूनच का घेतल्या?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. "बिचाऱ्याला मदत," असे कुणीतरी पुटपुटले. पण पलीकडे बसलेली बाई काही श्रीमंत नव्हती. तिच्या पालाला तर वरचे कापडही धड नव्हते. खरे उत्तर एवढेच होते की तो आपला होता. आम्हीही नाव पाहून खरेदी केली होती.

रात्री जुन्नरच्या मुक्कामी यावरून बराच वाद झाला. एक बाजू म्हणाली की ज्याच्यावर गावे बंद होत आहेत, त्याला आपण चार पैसे जास्त दिले तर ती जखमेवरची पट्टी आहे, तिला बहिष्काराच्या पंक्तीला बसवू नका. यात तथ्य आहे. दुसरी बाजू म्हणाली, पलीकडच्या बाईच्या लेकीने उद्या आईला विचारले की ते लोक आपल्याकडे का आले नाहीत, तर ती काय सांगेल? यातही तथ्य आहे, आणि हे अधिक टोचणारे आहे.

अम्मी शिकलेल्या फारशा नाहीत, पण त्यांनी दोन गोष्टी आठवण करून दिल्या. हजरत पैगंबर (स.) मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, आत ओल लागते, आणि ओले धान्य वर का ठेवले नाहीस असे ते विक्रेत्याला विचारतात. विचारणा धान्याची झाली. दुसरी गोष्ट त्यांच्या अखेरच्या दिवसांतली. त्यांचे चिलखत एका यहुद्याकडे जवाच्या बदल्यात गहाण होते. मदिनेत सधन सहाबी कमी नव्हते, तरी जव घेतला तो यहुद्याकडून. 'आपल्यांकडूनच घ्या' हे धर्माचे कलम असते तर ती गहाणवट घडली नसती. मग आमच्या लक्षात आले की कुरैश सूरहमध्येही हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या व्यापारी सफरींच्या पाठोपाठ दोन देणग्यांची आठवण येते, भुकेत अन्न आणि भयापासून अभय. बांगडीवाल्याला पहिली मिळत होती. त्याचा फोन दुसरीसाठी होता.

हलालचा पेचही आम्हाला तिथेच थोडा उलगडला. आम्ही मटण नाकारले तेव्हा आमच्या ताटातले कमी झाले. खानावळीच्या बाईंना कुणी उठवले नाही, त्यांचे मटण दुसऱ्याने खाल्ले. ठराव करणारा मात्र स्वतः काही सोडत नाही, दुसऱ्याचे पाल उठवतो. दोन्हीकडे हात विचारला जातो खरा, पण एका ठिकाणी किंमत विचारणारा मोजतो आणि दुसऱ्या ठिकाणी ज्याला विचारले तो. आमच्या तीन डझन बांगड्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतात, हे कबूल करावे लागते.

आणि ही फक्त आजची, किंवा फक्त त्यांची गोष्ट आहे असे समजून जुन्नरमध्ये झोप लागणार नाही. बहमनी काळात, १४७० च्या सुमारास, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढून याच गावात आला होता आणि पावसाळाभर अडकला होता. बरोबर विकायला आणलेला एकच घोडा. जुन्नरच्या असदखानाने तो काढून घेतला आणि निरोप दिला : मुसलमान हो, घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा, नाहीतर दोन्ही गेले. मुदत चार दिवसांची. शेवटी खुरासानचा एक ख्वाजा, मुसलमानच, खानाकडे रदबदली करायला गेला आणि घोडा सोडवून आणला. निकितिनने हे सगळे लिहून ठेवले आहे. पुढे बीदरच्या बाजूला आपण मुसलमान नाही हे हिंदूंना कळल्यावर ते आपल्यापासून खाणे लपवेनासे झाले, हेही त्याने नोंदवले आहे. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. सत्ता आपल्या नावाच्या लोकांची होती तेव्हा बाजारात धर्म विचारला गेला होता, आणि तो विचारू नये म्हणणाराही आपल्याच नावाचा होता. असदखानाचे नाव आपण सहज विसरतो, ख्वाजाचेही आठवत नाही. त्या शिष्टाईची कुणी जयंती करीत नाही.

रविवारी सकाळी हापूसबागेजवळचा सौदागर घुमट पाहून आम्ही बाजारात गेलो. आत कोण निजले आहे यावर जाणकार वाद घालतात, लोकांनी मात्र 'सौदागर' एवढे धंद्याचे नाव पक्के धरले आहे. बाजारात हुलग्याचे पीठ घेतले. शेंगोळी कशी करायची ते विकणाऱ्या म्हातारीने फुकट सांगितले आणि वजनात मात्र सूट दिली नाही. मेथी, लसणाच्या माळा, गावरान अंडी. पलीकडच्या ओळीत कालचाच बांगडीवाला बसला होता. चेहरा जरा मोकळा वाटला.

"इथं फोन करावा लागत नाही?"

त्याने गल्ल्याखालची बाजाराची पावती काढून दाखवली. चुरगळलेली, तारीख आणि रक्कम एवढेच कळत होते. "ही फाडली की बसायचं. इथं कुणाला विचारायचं?"

आमच्या धाकटीने या वेळी पलीकडच्या पालावर जाऊन आधी भाव विचारला, मग याच्याकडे येऊन विचारला, आणि दोन रुपयांनी स्वस्त म्हणून हिरव्या बांगड्या पलीकडून घेतल्या. त्याला त्याचे काहीच वाटले नाही. "हुशार आहे पोरगी," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला.

निघताना आम्ही विचारले, "पुढच्या चैत्रात जत्रेला जाणार ना?"

"जाणार की," तो म्हणाला. "पण फोन करून."