बारगिराचे ऋण

बंगळूरच्या इंदिरानगरात रस्त्यावर घोडा दिसणे ही आता दुर्मिळ गोष्ट झाली आहे. शंभर फुटी रस्त्यावर उपाहारगृहांची आणि दुकानांची दाटी आहे. २०११ सालापासून मेट्रोची गाडी या वस्तीच्या डोक्यावरून धावते. तरीही या भागाचे घोड्याशी असलेले नाते अगदीच तुटलेले नाही. दक्षिणेस दोम्मलूर आणि आगरमकडे लष्कराची विस्तीर्ण जमीन पसरली आहे. सेनेच्या पुरवठा दलाचे केंद्र याच शहरात असून त्या दलाच्या स्वारांनी अश्वारोहणाच्या स्पर्धांत नाव मिळविले आहे. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत दोन रौप्यपदके मिळविणारा आणि २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरलेला फवाद मिर्झा हा तरुणही बंगळूरचाच. पण या लेखाचा विषय असे निष्णात स्वार नाहीत. सुटीच्या दिवशी पहाटे उठून अश्वारोहणशाळेत जाणारी जी हौशी मंडळी असतात, त्यांच्याविषयी मला लिहावयाचे आहे. त्यांत बँकेतले अधिकारी असतात, विमानाच्या कारखान्यातले अभियंते असतात, क्वचित निवृत्तीला आलेला एखादा सचिवही असतो. त्यांना पदक मिळवायचे नसते आणि लढाईवरही जायचे नसते. ज्या विद्येचा व्यवहारात काडीचा उपयोग उरलेला नाही, ती विद्या हे लोक पैसे मोजून शिकतात. तेव्हा प्रश्न असा पडतो की, घोड्यापासून ते नेमके काय शिकतात? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, या शिक्षणाचे मोल कोण देतो?

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर फार जुने आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या कार्निआदीस या ग्रीक तत्त्ववेत्त्याचा एक अभिप्राय प्लुटार्कने नोंदवून ठेवला आहे. श्रीमंतांची आणि राजांची मुले घोड्यावर बसण्याखेरीज दुसरे काहीच धड शिकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. कारण अन्य विषयांचे गुरू त्यांची खुशामत करतात, कुस्तीतला जोडीदार मुद्दाम हरतो. परंतु पाठीवर राजा बसला आहे की रंक, हे घोड्याला ठाऊक नसते, आणि ज्याला बसता येत नाही त्याला तो खाली टाकतो.

आपल्या इतिहासातही या म्हणण्याची साक्ष मिळते, आणि ती या बंगळूरशीच निगडित आहे. १६३८ साली विजापूरकरांनी हे शहर घेतल्यानंतर ते शहाजीराजांकडे आले आणि त्यांनी येथे दीर्घकाळ वास्तव्य केले. ज्यांची हयात खोगिरावर गेली अशा त्या पुरुषाचा अंत १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून झाला. तेथे त्यांची समाधी आहे. घोड्याला जहागीर कळत नाही, याचे याहून गंभीर उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

ज्याच्या टेबलावरची घंटा वाजली की शिपाई धावत येतो, अशा माणसाला रिंगणातला पहिला आठवडा मोठा विचित्र वाटत असावा. तो "चल" म्हणतो आणि घोडा उभाच राहतो. आवाज चढविला तर कान मागे जातात, पाय मात्र हलत नाहीत. हुद्दा, वेतनश्रेणी, ज्येष्ठताक्रम यांपैकी कशाचाही येथे उपयोग होत नाही. मग हळूहळू त्याच्या ध्यानात येते की घोडा हुकूम ऐकतच नसतो. तो स्वाराचे शरीर वाचीत असतो. कमरेचा ताठरपणा, पोटरीचा दाब, रोखून धरलेला श्वास यांतून त्याला जे समजते, ते तोंडाने उच्चारलेल्या शब्दाहून अधिक खरे असते. अंगावर बसलेल्या माशीची ज्या कातडीला जाणीव होते, तिला वर बसलेल्या माणसाची धास्ती जाणवणार नाही, असे कसे होईल?

ही केवळ घोडेवाल्यांची समजूत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाने हान्स नावाचा घोडा गणिते सोडविण्यास शिकविला होता. प्रश्न विचारला की तो उत्तराच्या अंकाइतक्या वेळा खूर आपटून थांबत असे. १९०४ साली विद्वानांची एक समिती नेमली गेली; तिला त्यात कोणतीही लबाडी आढळली नाही. पुढे ओस्कार फुंग्स्ट याने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले तर हान्सलाही ते येत नसे. तो गणित करीत नव्हता, तो माणसाकडे पाहत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलत असे, आणि तेवढ्यावरून घोडा थांबत असे. यातला मला सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग पुढेच आहे. हे रहस्य स्वतः शोधून काढल्यावरही फुंग्स्टला आपल्या शरीराच्या त्या सूक्ष्म हालचाली पुरत्या आवरता येईनात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात तर याहून साधी युक्ती होती. घोड्याबरोबरच्या माणसांना सांगण्यात आले की या फेरीत अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडली गेलीच नाही. तरीही माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही वाढले.

एवढ्यावरून असा सिद्धांत काढण्याचा मोह होतो की, घोडा हा निःस्पृह परीक्षक आहे. तो अधिकाऱ्याला आरसा दाखवितो, आणि आरशात पाहून माणूस सुधारतो. हौशी स्वारांच्या बोलण्यात हा सूर पुष्कळदा ऐकू येतो. घोड्याने मला धीर शिकविला, नम्रता शिकविली, असे ते सांगतात, आणि ते खोटेही नसते. परंतु घोडे पेंड खाते ते येथेच. कार्निआदीसचा घोडा स्वाराला खाली टाकू शकत होता. शाळेतला घोडा सहसा टाकीत नाही. नवशिक्यांसाठी मुद्दाम शांत आणि सोशीक जनावरेच निवडलेली असतात. म्हणजे ज्या अर्थी शिकाऊ माणूस सुखरूप घरी परततो, त्या अर्थी त्याच्या चुका कोणीतरी सोसलेल्या असतात.

त्या कोठे सोसल्या जातात हे पाहण्यासाठी घोड्याचे तोंड पाहावे लागते. त्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये हिरडीचा एक मोकळा भाग असतो. लगामाची पोलादी कांडी तेथे, जिभेवरून आडवी बसते. सारे मार्गदर्शन या नाजूक जागेतून चालते. जाणत्या स्वाराच्या हाती लगाम असला तर बोटांची किंचित मिटण्याची क्रिया पुरे होते. पण नवशिक्याचा तोल दुडक्या चालीत जातो, तो घाबरून हात आवळतो, आणि आपले सारे वजन त्या हिरडीवर टाकतो. घोड्याने यावर काय करावे? पहिल्यांदा तो मान झटकतो, तोंड उघडतो. पुढेही तेच चालू राहिले तर तो ओढ ऐकण्याचेच सोडून देतो. रोज नवे हात, रोज नवे हिसके. त्यांतला कोणता हिसका अर्थपूर्ण आणि कोणता निव्वळ भीतीपोटी, हे ठरविण्याचे त्याला काही कारण उरत नाही. त्याच्या तोंडाची जाणीव बोथट होते. मग उस्ताद म्हणतात, हा घोडा जड झाला आहे; आणि पुढच्या शिकाऊला त्याच्यासाठी अधिक जोर लावण्यास सांगितले जाते.

वाईट अधिकाराचे फळ म्हणजे बंड, असे आपण इतिहासाच्या पुस्तकांतून शिकतो. बंड हा अपवाद आहे. वाईट अधिकाराचे नेहमीचे फळ म्हणजे बधिरता. जी कचेरी उगाच खेकसण्याला सरावली आहे, ती रास्त सूचनाही ऐकत नाही. ज्या तालुक्याला दर दोन वर्षांनी नवा साहेब, नवी योजना आणि नवा दरारा पाहावा लागतो, तो तालुका मान हलवितो आणि आपल्या जुन्या चालीने चालत राहतो. आपण त्याला मागासलेला म्हणतो. त्याचे तोंड कोणी बोथट केले, हे विचारीत नाही.

मराठी घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग असत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शाळेत शिकणारा हौशी माणूस हा बारगीरच होय, आणि सरकारी वा निमसरकारी चाकरीत परमुलखात पाठविलेले आपण सारेही बारगीरच आहोत. ज्यावर आपण बसलो आहोत ते आपले नाही. राज्याभिषेकापूर्वीच्या काळात चिपळूणनजीक दळवटणे येथे तळ देऊन असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांच्या कचेरीतून गेलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणावैरण तुम्ही आधीच मनास येईल तसा उधळलात, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी त्यात ताकीद आहे. आणि मग टंचाई पडल्यावर शिपाई कुणब्याच्या घरी जाऊन धान्य, लाकूड, भाजी ओढून आणतील, तर रयतेला तुम्ही मोगलाहून वाईट वाटाल, असा त्याचा पुढचा आशय आहे. अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा प्रथम मुक्या जनावरावर पडतो आणि तेथून रयतेवर, ही साखळी त्या पत्रात स्पष्ट मांडलेली आहे. घोडा आणि कुणबी यांना एकाच वाक्प्रवाहात आणणाऱ्या त्या लेखकाला अधिकाराचे स्वरूप आपल्यापेक्षा नेमके कळले होते.

यावर कोणी म्हणेल, मग कोणी शिकूच नये काय? हा आक्षेप सोपा नाही. सर्व शिक्षण दुसऱ्याच्या पदरचे असते. नवा वैद्य कोणाच्या तरी नाडीवर शिकतो, नवा न्यायाधीश कोणाच्या तरी दाव्यावर. चुका टाळून तयार झालेला स्वार जगात झालेला नाही. ज्याला हा हिशेब असह्य वाटतो त्याने घोड्यावर बसू नये, हे प्रामाणिक उत्तर आहे आणि मी त्याचा आदर करतो. पण कारभार चालवावाच लागतो, आणि तो चालविणारा कधी तरी नवशिका असणारच. तेव्हा खरा प्रश्न राहतो तो एवढाच की, हे ऋण कमीत कमी कसे करावे आणि फेडावे कसे.

यावर जुन्या शाळांनी एक व्यवस्था शोधून काढली आहे. व्हिएन्ना येथील स्पॅनिश अश्वारोहणशाळेत नव्या उमेदवाराला दीर्घकाळ रिकिबीवाचून आणि लगामावाचून बसविले जाते. घोडा लांब दोरीवर शिक्षकाच्या हाती गोल फिरतो, आणि वर बसलेल्याने केवळ आपला तोल सांभाळायचा असतो. आधी मांड, मग लगाम. याचे कारण असे की, ज्याला स्वतःचा तोल नाही, तो लगामाचा उपयोग आधाराची दोरी म्हणून करतो. मार्ग दाखविण्याचे साधन स्वतःला सावरण्यासाठी वापरणे हा सर्व नवशिक्यांचा मूळ दोष होय. आणि तो रिंगणापुरता मर्यादित नाही. ज्या अधिकाऱ्याच्या मनाची मांड पक्की नसते, तोच परिपत्रकांना आणि कारणे दाखवा नोटिशींना लटकून राहतो. त्याचे हात कठोर दिसतात. वस्तुतः तो पडण्याला भ्यालेला असतो.

हलक्या हाताची विद्या आपल्या लोकांना परकी नव्हती. १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडचे. त्यांनी अश्वविद्या मिळविली ती मात्र परप्रांतात, ग्वाल्हेरला, बाबासाहेब आपटे यांच्यापाशी. त्यांना गाण्याचाही ध्यास होता, आणि हद्दूखाँच्या घराण्याशी त्यांचा निकट संबंध राहिला. एकाच माणसाच्या ठायी हे दोन छंद असावेत यात मला नवल वाटत नाही. तंबोऱ्याची तार ओढून गात नाही. तिला योग्य ताण देऊन बोट हलकेच ठेवावे लागते, आणि मग ऐकावे लागते. लगामाचेही तसेच आहे. त्यातून जसे सांगायचे असते तसे ऐकायचेही असते, हे ज्या दिवशी शिकाऊला उमगते, त्या दिवसापासून त्याचे ऋण वाढायचे थांबते.

आणि फेड? घोड्याला शिक्षणशुल्क कळत नाही; ते शाळेच्या खात्यात जमा होते. खाली उतरल्यावर तंग सैल करणे, पाणी दाखविणे, मोतद्दारावर न सोपविता स्वतः खरारा करणे, ही त्या फेडीची सुरुवात म्हणता येईल. पण ती सुरुवातच. खरी फेड निराळीच आहे, आणि तिचा साक्षीदार आपण स्वतः कधीच नसतो. आपण ज्या घोड्यावर शिकलो तो उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार असतो. त्या अनोळखी माणसाने लगामाला बोट लावताच घोड्याने कान टवकारून ऐकले, तर आपण चांगले शिकलो असे समजावे. बदलीचा हुकूम आल्यावर कार्यभार सोपविताना आपण दप्तरे मोजून देतो, किल्ल्या देतो, सही घेतो. ज्यांच्यावर आपण दोन-तीन वर्षे बसलो, त्यांच्या तोंडाची जाणीव आपण कोणत्या स्थितीत मागे ठेवून जात आहोत, याचा रकाना त्या कागदात नसतो. नव्याने येणाऱ्याला मात्र तो पहिल्याच दिवशी वाचता येतो.