घरच्या पुस्तकांचे काय करावे?

आमच्या घराण्यात कोणी जहागीरदार झाला नाही, आलिम झाला नाही. लिहिणारा मात्र एक झाला. अब्बांचे थोरले चाचा. मेहकरहून लोणारला जाताना वाटेत सुलतानपूर लागते. तिथल्या जुन्या घरात राहून त्यांनी तीन लहान पुस्तके लिहिली आणि पदरच्या पैशाने छापून घेतली. एक नातांचे, एक घरगुती औषधांचे, ही दोन्ही उर्दूत. तिसरे मराठीत, समाजसुधारणेवर. कोणत्याही वाङ्मयेतिहासात त्यांचे नाव नाही, आणि नाही म्हणून आमची तक्रारही नाही.

घराची पडवी उतरवायची ठरली तेव्हा संदूक उघडली. वाळवीने खाऊन उरलेल्या प्रती हातात घेऊन आम्ही भावंडे बसलो. नातांच्या पुस्तकात अल्लाह-रसूलचे नाव, म्हणून ते रद्दीत जाणार नाही, अदबीने दफन करावे, असे एकाने सुचवले. दुसरा म्हणाला, शोधून शोधून सगळ्या प्रती जमा करू, जिल्द बांधू, कपाटात ठेवू. घराण्याचे नाव आहे. आम्ही दोन्ही ऐकून घेतले. दोन्हींत काहीतरी चुकते आहे असे वाटत राहिले.

घराण्याचे नाव म्हणून पुस्तके जमवायची, तर तो नसबीचा अभिमानच झाला. वंशाच्या बढाईला आपल्या दीनने थारा दिलेला नाही. माणूस गेल्यावर तीन गोष्टींचे पुण्य त्याला पोचत राहते, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो : चालू राहणारा सदका, लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. यात इल्म आणि औलाद वेगवेगळी मोजली आहेत, इकडे आपले लक्ष जात नाही. औलादीने दुआ करावी. पुस्तक टिकावे की नाही, हे त्याच्या उपयोगाने ठरावे. लेखक आपला चाचा होता म्हणून नव्हे.

मग नातेवाइकाचे काम काहीच नाही का? इथे आम्हाला अबुल फज्ल आठवतो. आपल्या मुलुखाशी त्याचा संबंध आहे. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले मेहकर सरकार आहे, आणि काच व साबण यांना लागणारा माल देणारे लोणारही आहे. त्याचा थोरला भाऊ फैजी अकबराच्या दरबारचा कवी. 1595 मध्ये फैजी वारला. त्याच्या संग्रही चार हजारांहून अधिक ग्रंथ होते; ते शाही ग्रंथालयात जमा झाले. पण त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या काव्याची विस्कळीत पाने अबुल फज्लने स्वतः गोळा केली. पुढे 1602 मध्ये अबुल फज्ल मारला गेला, तेव्हा त्याची पत्रे त्याच्या भाच्याने, अब्दुस समदने, संकलित केली. नामांकित ग्रंथ सांभाळायला बादशहाचे ग्रंथालय होते. सुटी पाने सांभाळायला घरचाच माणूस लागला.

जवळचेच दुसरे उदाहरण जळगावच्या बहिणाबाई चौधरींचे. त्या स्वतः लिहीत नव्हत्या. घरातल्यांनी गाणी टिपून ठेवली, आणि 1951 मध्ये त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. 1952 मध्ये संग्रह निघाला. घरच्यांनी टिपले नसते तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

तेव्हा आमच्यापुरता नियम असा झाला : जे दुसरा कोणी सांभाळणार नाही, ते सांभाळणे आपल्यावर येते. ते थोर आहे म्हणून नव्हे, तर ते चांगले की वाईट हे ठरवण्याची संधी पुढच्यांना मिळावी म्हणून. फैजीवर बदायुनीने कडवट लिहिले आणि ते टिकले. फैजीचे काव्यही टिकले, म्हणून आज वाचणारा दोन्ही बाजू ताडून पाहू शकतो.

इथवर सोपे होते. अवघड झाले ते तिसऱ्या पुस्तकाने. मुलीला चौथीपुढे शिकवणे म्हणजे घराची बरबादी, असे त्यात चार पाने भरून लिहिले आहे. ती पाने वाचताना आम्हाला शरम वाटली. बाकीची दोन ठेवावीत, हे चूलीत घालावे, असे आमच्याच तोंडून निघाले. दारात फुफी बसली होती. ती आज ऐंशीच्या घरात आहे. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, नंतर याच चाचांच्या शब्दावरून घरी बसवली गेली. ती म्हणाली, ‘‘जलाना मत, बेटा. मेरी इस्कूल क्यूं छूटी, वो इसमें लिखा है.’’

आम्ही गप्प झालो. पुस्तक जाळून आम्ही चाचांची अब्रू झाकणार होतो, आणि फुफीवरच्या अन्यायाचा एकुलता एक लेखी पुरावा नष्ट करणार होतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न विचारता आपण शरमेच्या नावाखाली काय काय पुसून टाकतो! निवडून चांगले तेवढे ठेवणे हाही नसबीचाच अभिमान, फक्त त्याचे कपडे वेगळे.

एक गोष्ट आमच्याच अंगावर येते. उर्दूतली दोन पुस्तके आम्हाला वाचता येत नाहीत. आमचे सारे शिक्षण मराठीत झाले. उर्दू कानाला कळते, डोळ्यांना कळत नाही. न वाचता कपाटात ठेवलेले पुस्तक आणि दफन केलेले पुस्तक, यांत फार अंतर नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत हीच स्थिती असेल.

म्हणून ठरवले ते एवढेच. प्रती शोधत गावोगाव फिरायचे नाही. प्रत्येकाची एक प्रत घरी, एक सार्वजनिक वाचनालयात, तिसरीसकट. उर्दूची दोन पुस्तके जाणत्याकडून वाचून घेऊन देवनागरीत उतरवायची. आणि तिसऱ्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर फुफीने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहायच्या. चौथीपर्यंतचे तिचे अक्षर अजून वळणदार आहे. काय लिहायचे ते तिने आम्हाला सांगितलेले नाही, आम्हीही विचारलेले नाही.