फरकाचा हिशेब

२०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरून काढली. ज्या अळीला मारण्यासाठी हे वाण आणलं, तीच त्यावर पोसली जात होती. अळीला बीटीची सवय झाली, असं आपण सहज म्हणून जातो. पण एखादी अळी बीटी कपाशीतलं विष खाऊन खाऊन कणखर होत नाही. ती मरते किंवा जगते. बदलतो तो अळ्यांचा समुदाय. एवढी गोष्ट नीट कळायला विज्ञानाला फार मोठा पल्ला गाठावा लागला.

अठराव्या शतकात लिनियसने सजीवांची नावनिशी लावली, तेव्हा प्रत्येक जातीचा एक ठरलेला नमुना असतो, हे गृहीतच होतं. एखादं रोप त्या नमुन्याहून थोडं वेगळं निघालं, तर तो अपवाद. १८०९मध्ये लामार्कने जाती बदलतात हे ठामपणे मांडलं खरं, पण त्याच्या लेखी बदल एकेका जीवाच्या आयुष्यात घडत होता: वापराने अवयव वाढायचा आणि ती कमाई पिल्लांना मिळायची. बोंडअळीला सवय झाली म्हणणारे आपण अजून त्याच्याच बाजूला उभे आहोत.

डार्विन म्हटलं की गालापागोसचे पक्षी आठवतात. मला त्यांच्यापेक्षा मोलाची वाटतात ती १८४६ ते १८५४ ही त्याची आठ वर्षं, बार्नकल या जीवांच्या अभ्यासात गेलेली. समुद्रातल्या खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटून राहणारे हे कवचधारी जीव त्याने ठिकठिकाणच्या संग्रहांतून मागवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक उलगडून पाहिले. हाती आलं ते कोणाही वर्गीकरणकाराला जेरीस आणणारं होतं. एकाच जातीतले जीवसुद्धा एकमेकांसारखे नव्हते. जवळजवळ प्रत्येक अवयवात काही ना काही फरक होता. जात कुठे संपते आणि पोटजात कुठे सुरू होते, याची रेघ ओढता येईना.

पण माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचून १८३८मध्ये त्याला सुचलेल्या नैसर्गिक निवडीच्या कल्पनेला नेमकं हेच हवं होतं. जन्माला येतात त्या मानाने जगतात थोडे. कोण जगणार आणि कोणाला संतती होणार, हे अशा बारीक फरकांवरही ठरतं. ज्याला आजवर नमुन्यातली खोट समजलं जात होतं, तोच बदलाचा कच्चा माल ठरला. उत्क्रांतीच्या विचारातलं सर्वांत धाडसी पाऊल मी यालाच म्हणेन. माणूस माकडापासून झाला की नाही, हा गाजलेला वाद त्यापुढे दुय्यम आहे.

१८५९मध्ये डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं, आणि १८६७मध्ये फ्लीमिंग जेनकिन या अभियंत्याने त्याच्या वर्मावर बोट ठेवलं. आईबापांचे गुण संततीत एकमेकांत मिसळून जात असतील, तर एखादा उपयोगी फरक दर पिढीला निम्मा होत विरून जाणार. मग निवड होणार कशाची? डार्विनकडे याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. ते १८६६मध्येच ब्रनोच्या मठातल्या मेंडेलने छापलं होतं, पण डार्विनला त्याची माहिती नव्हती. वाटाण्यांच्या हजारो रोपांवरून मेंडेलला दिसलं होतं की गुण विरत नाहीत. एका पिढीत लपलेला गुण पुढच्या पिढीत जसाच्या तसा वर येतो.

१९००मध्ये हे काम पुन्हा उजेडात आलं, आणि विलक्षण गोष्ट अशी की मेंडेलचे अनेक पुरस्कर्ते त्याला डार्विनच्या विरोधात उभं करू लागले. सुट्या, ठळक गुणांमधून सावकाश होणारा बदल कसा निघेल, हा त्यांचा प्रश्न होता. उंचीसारखा चढत्या-उतरत्या श्रेणीचा गुण अनेक लहान मेंडेली घटक मिळून घडू शकतो, हे १९१८मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशरने गणिताने दाखवलं. १९२४पासून आनुवंशशास्त्रज्ञ हॉल्डेनने निवडीचा वेग मोजायला घेतला. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.

कपाशीच्या कडेला बीटी नसलेल्या ओळी पेरायच्या, ही शिफारस निवडीच्या याच हिशेबातून आली. बीटी पचवण्याचा गुण सहसा तेव्हाच कामी येतो, जेव्हा तो आई आणि बाप दोघांकडून मिळतो. असे पतंग सुरुवातीला अगदी विरळ असतात. कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेले साधे पतंग त्यांना जोडीदार म्हणून मिळाले, तर होणाऱ्या अळ्यांमध्ये त्या गुणाची एकच प्रत येते आणि त्या बीटीवर मरतात. म्हणजे काही अळ्या मुद्दाम जगवायच्या. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी हे पथ्य पाळलं. पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम जोडली गेली आणि २०१८मध्ये तिथल्या कापूसक्षेत्रातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे बीटी बियाण्याबरोबर आलेलं साध्या बियांचं छोटं पाकीट बहुतेक ठिकाणी पेरलंच गेलं नाही. दोन-तीन एकरांच्या धन्याला अळीसाठी ओळी सोडायला सांगणं आणि त्यामागचं कारण मात्र न सांगणं, हा दोष मी शेतकऱ्याच्या माथी मारणार नाही. त्यात फरदड घेण्याची, म्हणजे वेचणीनंतरही कपाशी शेतात ठेवून पुन्हा पीक घेण्याची पद्धत: हंगाम लांबला, अळीला खाद्य मिळत राहिलं, वर्षातल्या पिढ्या वाढल्या आणि प्रत्येक पिढीत निवड होत गेली. आता साधं बी बीटीच्या पाकिटातच मिसळून देऊ लागले आहेत. त्यामुळे पेरणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. पण फरदड मोडायची की ठेवायची, हे अजून त्यालाच ठरवायचं आहे, आणि त्यासाठी त्याला हा हिशेब कोणीतरी समजावून सांगायला हवा.