शेऱ्याचा रकाना

वेरूळच्या लेण्यांना 1 ते 34 असे क्रमांक आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे डोंगराच्या कडेने चालत जावे, त्या ओळीने ते पडले आहेत. काळाशी त्यांचा संबंध नाही. पहिल्या क्रमांकाचे बौद्ध लेणे सर्वांत जुने, असे कोणी समजू नये. एकविसावे रामेश्वर आणि एकोणतिसावे धुमार लेणे त्याच्याही आधीचे, असे आज बरेच अभ्यासक मानतात. वर डोंगरात गणेश लेणी आणि जोगेश्वरीची लेणी आहेत, त्यांना तर या ओळीत जागाच नाही. यादी चुकीची नाही. ती ‘कुठे’ एवढेच सांगते. ‘केव्हा’ आणि ‘का’ हे तिला विचारले की ती गप्प बसते.

रस्त्यांच्या नोंदवह्यांचा स्वभावही असाच आहे. बांधकाम खात्याच्या दफ्तरात प्रत्येक रस्त्याची किलोमीटरवार जंत्री असते: डांबरी भागाची रुंदी, साइडपट्ट्या, वळणे, चढ, मोऱ्या, पूल, हद्द. रुंदीकरण असो की नवी आखणी, आधी अस्तित्वातल्या रस्त्याची अशी जंत्री करावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिकाही सांगते. प्रत्यक्षात पुष्कळदा सल्लागार येतो, नव्या यंत्राने सारे नव्याने मोजतो आणि जुनी वही कपाटातच राहते. मला हा उधळेपणा वाटतो. नव्या मोजणीला एक ऋतू दिसतो. जुन्या वहीने कित्येक पावसाळे पाहिलेले असतात.

पण ती वही वाचायची कशी? वेरूळच्या परिसरातून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गाचेच बघा. पूर्वी त्याचा क्रमांक 211 होता, 2010च्या फेरक्रमांकनात तो 52 मध्ये सामावला. मराठवाडा 1956 साली हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी दशमान मापांचा कायदा झाला; मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. चौपदरीकरणात ठिकठिकाणी आखणी बदलली की पुढच्या साऱ्या किलोमीटरचे आकडे सरकतात. मग जुन्या नोंदीतला अमुक किलोमीटरवरचा अपघात आजच्या कोणत्या वळणावर झाला, हे सांगायचे कोणी? पोलिसांच्या कागदात ‘ढाब्याजवळ’ असते, आणि ढाबाही हललेला असतो. माहिती आहे, पण तिचे पाय जमिनीवर नाहीत. जुने आकडे नव्या आकड्यांशी जुळवून देणारा एक साधा तक्ता जपला, तर निम्मे काम होईल. ते कंटाळवाणे काम आहे, म्हणून ते कोणी करत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वहीत तेवढेच उतरते, जेवढे तिला विचारलेले असते. वाहतूक मोजणीचा जुना दंडक असा, की वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, अहोरात्र मोजावे. एकदा सुगीच्या धामधुमीत आणि एकदा मंद हंगामात. मोजलेली वाहने मग मोटारीच्या मापात बदलतात: ट्रक म्हणजे तीन मोटारी, मोठी बैलगाडी म्हणजे आठ. शेतमालाच्या देशाला हे शोभणारे आहे. पण वेरूळची खरी सुगी श्रावणात असते. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला घृष्णेश्वराकडे निघालेला माणूस पायी चालत असतो, आणि त्या कोष्टकात पायी माणसाला आकडाच नाही. बैलगाडी आठ, माणूस शून्य! त्या दिवशी रस्ता तुडुंब असला तरी हिशेबात तो मोकळाच.

दौलताबादला उलट गंमत आहे. तिथे जुना रस्ता किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातून जातो आणि दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की कोंडी होते. वहीत त्या जागी रुंदीचा एक आकडा असणार, आजूबाजूच्या आकड्यांपेक्षा लहान. संगणकाला तो दोष वाटेल आणि तो रुंदीकरण सुचवील. ही कमान पाडायची नाही, तिला वळसा घालायचा, हे रुंदीच्या रकान्यात मावत नाही. ते मावते शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात, आणि संगणकात माहिती भरताना बहुधा हाच रकाना आधी गळतो. ‘पावसाळ्यात मोरीवरून पाणी जाते’, ‘बाजाराच्या दिवशी गाड्या साइडपट्टीवर’ अशा अर्ध्या ओळी शाखा अभियंत्याने मैलमजुराला विचारून लिहिलेल्या असतात. मी आखणी करणारा असतो, तर वही शेवटच्या रकान्यापासून वाचली असती.

शिवाय सगळी माहिती ‘रस्त्याची माहिती’ या नावाखाली असतेच असे नाही. 2021च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीत याच महामार्गावरच्या कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी दरड उपसली जाते आणि तिचे बिल निघते. बिलासाठी मोजमाप पुस्तिकेत लिहावे लागते: कोणत्या किलोमीटरवर, किती घनमीटर. डोंगर कुठे वारंवार सुटतो, याची इतकी नेमकी नोंद दुसरीकडे क्वचितच मिळेल, कारण तिच्यावर पैसे दिले गेलेले असतात. पण ही पुस्तिका लेखा शाखेत जाते, आणि संरक्षक भिंत कुठे बांधायची हे ठरवणारा माणूस वेगळ्या खोलीत बसतो.